मागे चालणाऱ्याचा खिसा

माझी लेक वाहन परवान्याची परीक्षा घेते. रोज सकाळी पंधरा-वीस माणसांच्या शेजारी गाडीत बसते आणि दुपारपर्यंत त्यातल्या निम्म्यांना नापास करून घरी येते. त्यामुळे कोणी "मला जमतं" म्हटलं की ती आधी त्याच्या हातांकडे बघते. मी बाप असलो तरी मला त्यातून सूट नाही.

मी तिला सांगितलं की यंदा तळ्यावर जाणार. डोंगरामागचं तेच तळं, चार दिवस, तंबू घेऊन. फक्त यंदा एकटा.

"एकटे? बाबा, तुमचा गुडघा."

"गुडघा पण येणार आहे. त्याला इथे कुणाकडे ठेवू?"

ती हसली नाही. माझी बायको जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. तिला मी कधी नावाने हाक मारली नाही, 'ही' म्हणायचो, इथेही तसंच लिहितो. ही गेल्यावर मागच्या वर्षीची तळ्याची फेरी बुडाली. त्या दिवसांत मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचंही सुचत नसे. दूध नासायचं, दिवे दिवसा चालू राहायचे. लेकीने ते सगळं पाहिलंय. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता: घर भाड्याने द्या आणि आमच्याकडे राहायला या. जावई भला माणूस आहे. त्याने माझ्यासाठी मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली. रंग मला न विचारता निवडला, पण ते असो.

मला माझ्याच घरात राहायचं होतं. आता मी बरा होतो. दूध नासत नव्हतं.

"एकदाच ठरवून टाकू," लेक म्हणाली. "तुम्ही तळ्यावर एकटे निभावाल असं मला दिसलं, तर खुशाल जा, आणि घराचा विषय मी वर्षभर काढणार नाही. नाही दिसलं तर तळं रद्द, आणि महिनाअखेरीस तुम्ही आमच्याकडे."

"आणि तुला ते दिसणार कसं?"

"आंधळी झडती घेऊ."

मी ताबडतोब हो म्हटलं. तिला वाटलं असेल मी कचरेन.

आंधळी झडती हा आमच्या घरचा प्रकार आहे आणि तो माझ्या चुकीतून निघाला. मी चौतीस वर्षं काचसामानाच्या कारखान्यात पॅकर होतो. प्रयोगशाळेत लागणाऱ्या नळ्या, चंबू, नाजूक तोट्या मी खोक्यात बसवायचो आणि ती खोकी जहाजाने, ट्रकने कुठे कुठे जायची. खोका कानाशी धरून हलवायचा. आतून चिटपाखराचा आवाज आला नाही तर पॅकिंग पास. माझ्या हातचा माल फुटून परत आल्याचं कुणाला आठवत नाही. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा तळ्यावर निघालो तेव्हा साहजिकच सॅक मी भरली. अशी भरली की उलटी केली तरी आत काही हललं नसतं.

पोचलो तर पाऊस. आणि तंबू तळाशी. जड वस्तू खाली, हा कारखान्याचा नियम. तंबू काढायला कपडे, पांघरुणं, पीठमीठ सगळं चिखलात काढून ठेवावं लागलं. ही भिजत उभी होती. ओरडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "तुमचं पॅकिंग माल पोचवायला असतं. मला ते उघडायला हवं."

त्या दिवसापासून सॅक हिच्या ताब्यात गेली. ही ताडपत्र्या आणि दुकानांवरची कापडी छतं शिवायच्या कारखान्यात कामाला होती. मेण लावलेल्या दोऱ्याने जाड कापड शिवायची. सॅकला बाहेरून हिने स्वतः पाच खिसे शिवले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सॅक खोलीच्या मध्यभागी उभी करून तिच्यासमोर बसायची, डोळ्यांवर पंचा बांधायची आणि म्हणायची, "मागा." मी किंवा लेक ओरडायचो, "काडेपेटी!" आणि वीस आकडे मोजायचो. हिला कधी आठच्या पुढे आकडे लागले नाहीत. वस्तू सापडली नाही तर ती नीट भरलेली नाही, असा हिचा कायदा. तंबूत अंधार असतो, पाऊस असतो, घाई असते. डोळ्यांनी शोधायचं असेल तर घरीच बसा, म्हणायची.

तर मला पास व्हायचं होतं आणि होणार याबद्दल शंका नव्हती. पॅकर मी होतोच, आणि हिची पद्धत मी तीस वर्षं समोर बसून पाहिली होती. सगळ्यात वर तंबू आणि खाली अंथरायचं मेणकापड, म्हणजे पोचल्या पोचल्या हात घातला की तेच येतं. खुंट्या आणि हातोडी एका कापडी पिशवीत, तंबूच्या कडेला. स्टोव्ह आणि गॅसची डबी पाठीच्या बाजूला, कारण वजन अंगाजवळ असलं की चालताना मागे ओढत नाही. स्लीपिंग बॅग तळाशी, ती शेवटी लागते. कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत, त्यातली एक पिशवी न उघडण्याची: तिच्यात कोरडे मोजे आणि एक सदरा, बाकी सगळं भिजलं तरच हात लावायचा. रेनकोट झाकणाखाली. गुडघ्याचा पट्टा आणि रक्तदाबाच्या गोळ्या रेनकोटाच्या खिशात, म्हणजे विसरायला वाव नाही. बाहेरच्या खिशांत हिच्या पद्धतीप्रमाणे टॉर्च, काडेपेटी, चाकू आणि मलमपट्टीची डबी. पाचव्यात लिमलेटच्या गोळ्या. न्हाणीघरातल्या काट्यावर वजन केलं. साडेतेरा किलो.

रविवारी लेक आली. बरोबर मावशीलाही घेऊन आली. मावशी म्हणजे हिची धाकटी बहीण. तिला आम्ही धाकटीच म्हणतो, साठी ओलांडली तरी. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे आणि जगातल्या सगळ्यांना कमी दिसतं असं तिचं मत आहे.

"साक्षीदार आणलाय होय?" मी म्हणालो.

"भावोजी, मी तमाशा बघायला आलेय," धाकटी म्हणाली. "चहा मिळणार का आधी?"

चहा झाला. मी बसलो, लेकीने पंचा बांधला. घट्ट बांधला, सरकारी काम असल्यासारखा.

"पाच वस्तू. पाचही सापडल्या पाहिजेत. रेनकोट!"

चार आकड्यांत काढला.

"कोरडे मोजे!"

नऊ.

"टॉर्च!"

टॉर्चचा खिसा मला माहीत होता. डाव्या बाजूला, वरून पहिला. हात घातला तर खिशाचं तोंड सापडेना. सापडलं तेव्हा वरची पट्टी बोटांवर बसली. मनगट वळवलं, पुन्हा घातला. लेकीचे आकडे चालूच. वीस झाले, पंचवीस झाले. टॉर्च एकतिसाव्या आकड्याला आला.

"काडेपेटी," लेक म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. काडेपेटी बाहेर काढताना हातातून पडली. चाकू तर अर्ध्यातच अडकला.

धाकटी न सांगता चहाचे कप उचलायला लागली, आणि ती न सांगता काम करते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. लेकीने पंचा सोडला, माझे हात हातात घेतले आणि बोटं एकेक करून वाकवून पाहिली.

"बाबा, वय होतं हो. त्यात लाजायचं काय?"

"लाजतंय कोण? मला एक सांग, तुझ्याकडे नापास झालेल्याला पुन्हा परीक्षा किती दिवसांनी देता येते?"

"सात दिवसांनी."

"मग पुढच्या रविवारी ये."

स्वतःच्या नियमात अडकली ती.

त्या गेल्यावर मात्र मी हातांकडे बराच वेळ बघत बसलो. हातच गेले तर मागच्या खोलीच्या रंगाबद्दल तक्रार करून काय उपयोग? मग म्हटलं, हात तपासून घेऊ. पंचा घेतला, स्वतःच बांधला आणि स्वयंपाकघरात शिरलो. चमचा. मीठ. गाळणं. किसणी. सुईदोऱ्याचा डबा. एकही वस्तू सहा आकड्यांच्या वर गेली नाही. साखरेच्या डब्याचं झाकण फिरवून उघडलं, लावलं, एक दाणा सांडला नाही.

कारखान्यात आमचा मुकादम म्हणायचा, माल फुटला तर आधी हाताला शिव्या देऊ नका, खोका बघा. मी सॅकसमोर परत बसलो. जे माझ्या हाताने आत भरलं होतं ते सापडलं होतं. जे हिच्या खिशांत होतं तेच अडलं होतं. चारही खिसे सॅकच्या डाव्या अंगाला. तोंडं तिरकी कापलेली, सगळी एकाच दिशेला झुकलेली. मी सहज डावा हात पुढे केला.

टॉर्च तीन आकड्यांत बाहेर. पट्टी आपोआप बाजूला झाली.

मी मोठ्याने हसलो. घरात एकटा होतो म्हणून बरं. ही डावखुरी होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही, हिच्यासोबत अडतीस वर्षं एका टेबलावर जेवलोय, कोपराला कोपर लागू नये म्हणून कायम हिच्या उजवीकडे बसलोय. कात्री हिची वेगळी, ती आम्ही वापरली तर शिव्या. पण सॅकही डावखुरी आहे हे मला कधी सुचलं नाही. सुचणार कसं? मी नेहमी मागणारा होतो. शोधणारी ही.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, डावा हात तयार करू. सॅकला हात लावायचा नाही, स्वतःला बदलायचं. डाव्या हाताने दात घासले, पेस्ट नाकाला लागली. डाव्या हाताने चमचा धरला, सूप सदऱ्यावर. दोन दिवसांत टॉर्च आणि काडेपेटी मला छान काढता यायला लागली. पण काडी ओढायची कुठल्या हाताने? उजव्या. म्हणजे डाव्याने काढा, उजव्याकडे द्या, पेटी डाव्यात घ्या. चाकूचं तेच. पावसात, वाऱ्यात ही देवघेव करत बसलो तर पेटवायचं राहील आणि काडी भिजेल. परीक्षेत पास झालो असतो. तळ्यावर नापास झालो असतो, आणि तिथे सात दिवसांनी पुन्हा कोणी बोलावत नाही.

तेव्हा बुधवारी सकाळी मी हिचा शिवणाचा डबा काढला, टाके उसवायची छोटी सुरी घेतली आणि सॅक मांडीवर घेऊन खिडकीत बसलो.

हिचे टाके म्हणजे टाके होते. दुहेरी, मेणाचा दोरा, आणि कोपऱ्यात तीनतीन वेळा उलटे मारलेले. एक खिसा सुटायला दीड तास लागला. दुसऱ्यावर होतो तेव्हा धाकटी आली. तिच्याकडे आमच्या घराची किल्ली असते, बेल वाजवायची तिला सवय नाही.

दारातच थांबली. "हे काय चाललंय?"

"खिसे काढतोय."

"ताईचे टाके उसवताय?" तिचा आवाज चढला. "भावोजी, त्या मेल्या परीक्षेपायी? ताईच्या हातचं आता राहिलंय काय या घरात? एक ती सॅक, आणि तुम्ही तिचं..."

"बस आधी."

"नाही बसत."

"मग उभी राहून ऐक. खिसे डावखुऱ्या माणसाचे आहेत. मी उजवा आहे. एवढंच आहे."

ती सॅकपाशी आली, डावा हात खिशात घातला, काढला, उजवा घातला. पट्टी तिच्याही बोटांवर बसली.

"अगंबाई," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. डोळे पुसले, चष्मा पुसला. "म्हणजे एवढी वर्षं तुम्हाला..."

"एवढी वर्षं मला टॉर्च हातात मिळत होता."

तिने पर्स बाजूला ठेवली. "तरी पण भावोजी. तसेच राहू द्यायचे होते. नवीन सॅक घ्यायची."

"तुझ्या ताईने कारखान्यात आयुष्यभर काय केलं? जुन्या छतांचे टाके उसवून परत शिवले. एकदा मी म्हटलं, इतकं चांगलं शिवलेलं उसवताना जिवावर येत नाही का? तर मला म्हणाली, पाऊस आत येत असेल तर त्या शिवणीची पूजा करायची का?"

"असं म्हणाली?"

"वर म्हणाली, हे पॅकिंग नाही, कळायचं नाही तुम्हाला."

धाकटी हसली. मग मी सुईत दोरा ओवायला गेलो आणि चार वेळा चुकलो, तेव्हा तिने सुई माझ्या हातातून ओढूनच घेतली. "आणा इकडे. या चष्म्याने तुम्हाला हत्तीसुद्धा दिसायचा नाही. दुकानात या म्हणून दोन वर्षं सांगतेय."

पहिला खिसा सुटून आला तेव्हा त्याच्या खाली गडद हिरवा चौकोन निघाला. सॅक मूळची त्या रंगाची होती. उन्हाने बाकीची फिकट राखाडी झाली आणि आम्हाला ती राखाडीच वाटायची. चार खिसे काढले, चार हिरवे चौकोन राहिले. धाकटीने त्यावर बोट फिरवलं. मग तिने दोरा ओवून दिला आणि मी उजव्या अंगाला पहिला टाका घातला.

माझे टाके हिच्यासारखे नाहीत. वाकडे आहेत. पण खिसा ओढून पाहिला, पूर्ण वजन त्यावर टांगलं, सुटला नाही. तेवढं मला पुरे.

शुक्रवारी चारही खिसे उजवीकडे लागले होते. पाचवा राहिला. तो सॅकच्या बाहेरच्या तोंडावर, खाली, पाठीवर घेतल्यावर सगळ्यात मागे येईल असा. तोही डावखुराच असणार म्हणून मी सुरी लावली आणि थांबलो. त्याचं तोंड उलट्या दिशेला झुकलेलं होतं. उजवा हात घालून पाहिला. अलगद गेला.

दोरा ओवायला त्या दिवशीही आलेली धाकटी म्हणाली, "हा का सोडताय? हा पण करून टाका, हात फिरलाय तुमचा आता."

"हा बरोबर आहे."

"बरोबर कसा? पाठीवर सॅक असताना तिथे हात तरी पोचतो का कुणाचा?"

पोचत नाही. पाठीवर घेणाऱ्याचा पोचत नाही. आमच्यात सॅक ही घ्यायची, कारण माझ्या पाठीवर भांड्यांचं आणि शिध्याचं जड बोचकं असायचं, आणि ही पुढे चालायची कारण वाट हिला कळायची. मी मागे. लेक चार वर्षांची असताना मी सिगारेट सोडली. चढावर तोंड मोकळं राहिलं की तलफ यायची, म्हणून हिने लिमलेटच्या गोळ्या ठेवायला सुरुवात केली. मी चालता चालता हात पुढे करून खिशातून एक घ्यायचो. थांबायचं नाही, मागायचं नाही. हिला सॅकला बसलेला हिसका कळायचा. वळून न बघता विचारायची, "किती घेतल्या?" मी म्हणायचो एक. खरं की खोटं ते हिला आवाजावरून कळायचं. दोन गोळ्या तोंडात असल्या की माणूस बोबडा बोलतो.

एवढं सगळं मी धाकटीला सांगितलं नाही. म्हटलं, "तो मागे चालणाऱ्याचा आहे."

रविवारी लेक आली. तिने सॅककडे पाहिलं, हिरव्या चौकोनांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मावशी छताकडे बघत होती.

"बसा," लेक म्हणाली. पंचा बांधला आणि एक तांब्या पाणी माझ्या हातांवर ओतलं.

"हे नियमात कुठे होतं?"

"पाऊस आलाय. टॉर्च!"

पाच आकडे. खुंट्या सात. मलमपट्टी चार. चाकू सहा, आणि मी तो उघडून, मिटून, तिच्या हातात मुठीकडून दिला. शेवटी काडेपेटी. पाच आकड्यांत काढली, हात सदऱ्याला पुसले आणि न विचारता काडी ओढली. पहिल्याच ओढीला पेटली. पंच्याच्या आडूनही मला ते कळलं, कारण धाकटी ओरडली, "पडदे! पडदे सांभाळा!"

लेकीने पंचा सोडला. तिच्या हातात पेन नव्हतं, नाहीतर तिने सहीच केली असती.

"पास?"

"पास," ती म्हणाली. मग म्हणाली, "घराचं वर्षभर काढणार नाही. पण रोज संध्याकाळी सहाला मला फोन."

"तळ्यावर फोन लागत नाही."

"टेकडीवर चढलं की लागतो. मला माहितेय, मी पण यायचे."

"गुडघा?"

"मघाशी तो ठणठणीत होता ना?"

तिने सॅक फिरवून पाहिली. पाचव्या खिशापाशी थांबली. "हा हलवला नाही?"

"नाही."

"भरलाय?"

"भरलाय."



मंगळवारी सकाळी मी निघालो. लेकीने कामावर तासाभराची सवलत घेतली होती, बस थांब्यापर्यंत येते म्हणाली. मी म्हटलं, कशाला, पण ती दारात बूट घालून तयारच होती. सॅक उचलायला मदत करू का, तेही तिने विचारलं नाही. हे मला आवडलं. मी एक गुडघा टेकून खांदा घातला, उठलो, पट्टे ओढले. वजन पाठीला चिकटून बसलं, जसं बसायला हवं तसं.

आमच्या गल्लीतला फुटपाथ अरुंद आहे, तिथून दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही. मी पुढे झालो. ती मागे. दूधवाल्याची गाडी ओलांडली, चढ सुरू झाला. गुडघा थोडा बोलला, मी त्याला पट्टा आहे याची आठवण करून दिली.

चढाच्या मध्यावर सॅकला मागून हलकाच हिसका बसला.

मी वळून पाहिलं नाही. चाल तीच ठेवली.

"किती घेतल्यास?" मी विचारलं.



"एकच," ती म्हणाली.

आवाजावरून दोन होत्या.